प्लुषि, पिसू आणि शके १८१८ चा प्लेग

खराडी हें गांव मुळामुठेच्या उत्तर तीरावर आहे. समोरच्या तीरावर मुंढवा, आणि मुंढव्याच्या दक्षिणेस हडपसर. या तिन्ही गांवांचीं शिवारें आज पुणें शहराच्या पोटांत गेलीं आहेत. आम्ही येथें राहावयास आलों तेव्हां खिडकींतून ज्वारी दिसे, आतां कांचेचे उंच वाडे दिसतात. परंतु ज्या वाटेविषयीं हा लेख आहे ती वाट नदीपलीकडची, मुंढव्याहून हडपसरास जाणारी आहे. शके १८१८ च्या फाल्गुनांत, म्हणजे इ. स. १८९७ च्या मार्चांत, त्या वाटेनें साठी उलटलेली एक स्त्री पाठीवर एक आजारी मूल घेऊन गेली, असें तिच्या चरित्रकारांनीं नोंदविलें आहे. मूल मुंढव्याच्या महारवाड्यांतील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचें होतें, आणि ती स्त्री म्हणजे सावित्रीबाई फुले. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं हडपसराजवळ ससाणे यांच्या मळ्यांत रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. मूल वांचलें. सावित्रीबाईंस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

ही हकीकत आमच्या वाचकांस नवी नाहीं. तिच्यांतील एक शब्द मात्र आम्हांस पुष्कळ दिवस खटकत आला आहे. बहुतेक लेखक लिहितात कीं, त्या मुलाच्या स्पर्शानें सावित्रीबाईंस रोग जडला. हा शब्द तपासून पाहावा, आणि तो तपासतांना कीटकांविषयीं आपल्या ग्रंथांत व परक्या देशांतील ग्रंथांत काय सांपडतें तेंहि पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत पिसवेचें काय काम, असें कोणी विचारील. ज्या किड्यानें इ. स. १८९६ पासून पुढील अर्धशतकांत या देशांत १ कोटीहून अधिक माणसें मारलीं, त्याचें काम इतिहासांत नाहीं तर कोठें असावें?

प्रथम नांवाचा प्रश्न. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायांत प्राण्यांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे वर्ग केले आहेत, आणि स्वेदजांत दंश, मशक, यूका, मक्षिका व मत्कुण यांची गणना केली आहे. यूका म्हणजे ऊ, मत्कुण म्हणजे ढेकूण. या यादींत पिसू नाहीं. येथें आमचीच एक चूक कबूल करणें प्राप्त आहे. आम्हीं शाळेंत तीस वर्षें संस्कृत शिकविलें. पंचतंत्रांतील मंदविसर्पिणी नांवाची ऊ व अग्निमुख नांवाचा मत्कुण यांची गोष्ट शिकवितांना एका वर्षीं आम्हीं मत्कुणाचा अर्थ पिसू असा सांगितला. आठवींतील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, पिसू उडी मारून जाते. हा तर पलंगाच्या फटींत शिरला. म्हणजे ढेकूणच कीं!” कोश आमच्या टेबलावर होता आणि आम्ही तो उघडला नव्हता. मुलीनें कोश पाहिला नव्हता, पण ढेकूण व पिसू दोन्हीं पाहिलीं होतीं.

मग पिसवेस संस्कृतांत नांवच नाहीं काय? आहे, परंतु तें जुनें आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलाच्या शेवटच्या सूक्तांत विषारी जंतूंमध्यें प्लुषि हा शब्द येतो. बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायांत साम हें प्लुषीएवढें, मशकाएवढें, हत्तीएवढें आणि तिन्ही लोकांएवढें आहे असें सांगितलें आहे. तुलनात्मक भाषाशास्त्रज्ञांनीं हा शब्द लॅटिनांतील पूलेक्स व लिथुएनियन भाषेंतील ब्लुसा यांच्याशीं जोडला आहे, आणि त्या दोन्हीं शब्दांचा अर्थ पिसू असाच आहे. परंतु भाष्यकारांच्या काळीं हा अर्थ विसरला गेला असावा. कारण शांकरभाष्यांत प्लुषीचा अर्थ पुत्तिका असा दिला आहे, आणि पुत्तिका म्हणजे वाळवीच्या जातीचा किडा. पोथ्या बाळगणाऱ्यांस वाळवीचें भय अधिक, पिसवेचें कमी, हें आपल्या सर्वांस ठाऊकच आहे! तें कसेंहि असो. एवढें खरें कीं, ज्या किड्यास वेदांत नांव होतें त्याची ओळख शास्त्रीपंडितांच्या परंपरेंत पुसट झाली, आणि ती जात्यावर बसणाऱ्या व अंगण सारवणाऱ्या बायकांच्या बोलीपुरती उरली.

स्वेदज या कल्पनेविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. घामांतून, ओलींतून, कुजक्या पदार्थांतून किडे आपोआप होतात, ही समजूत केवळ आपलीच नव्हे. युरोपांत ॲरिस्टॉटलपासून ती चालत आली होती. इ. स. १६६८ त इटलींतील रेदी यानें मांस झांकून ठेविल्यास त्यांत अळ्या होत नाहींत असें दाखविलें, आणि शतकाच्या अखेरीस हॉलंडांतील लेव्हनहुक यानें भिंगाखालीं पिसवेचें अंडें, अळी व कोश पाहिला. परंतु या दोन नांवांबरोबर एका स्त्रीचें नांव घेतलें जात नाहीं, तें घेणें अवश्य आहे. मारिया सिबिला मेरियन ही इ. स. १६४७ त फ्रांकफुर्टास जन्मली. तेराव्या वर्षापासून ती रेशमाचे किडे पाळून त्यांचीं चित्रें काढीत असे. प्रत्येक सुरवंट कोणत्या झाडावर राहतो, काय खातो, कोश कसा विणतो आणि त्यांतून कोणतें फुलपांखरूं निघतें, हें सर्व ती एकाच पानावर दाखवी. इ. स. १६७९ त तिनें या विषयावरील पहिला ग्रंथ काढला, तो विद्वानांच्या लॅटिनांत नव्हे, तर जर्मन देशभाषेंत. पुढें बावन्नाव्या वर्षीं धाकट्या मुलीस बरोबर घेऊन ती दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामच्या अरण्यांत गेली, दोन वर्षें राहिली, आजारी होऊन परतली, आणि इ. स. १७०५ त तेथील कीटकांचा थोर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे ज्ञानेश्वरांपासून देशभाषेंत ज्ञान आणण्याची जी परंपरा आहे तिच्या अभिमान्यांस ही बाई परकी वाटूं नये.

दुसरी इंग्लंडांतील एलेनॉर ऑर्मरॉड (१८२८–१९०१). तिनें कोणत्याहि विद्यापीठांत शिक्षण घेतलें नव्हतें. इ. स. १८७७ पासून ती शेतकरी, माळी, गवळी यांस पत्रें धाडून पिकांवरील व गुरांवरील किड्यांची माहिती मागवी, ती पारखून घेई आणि दरसाल स्वतःच्या खर्चानें सोप्या भाषेंत छापी. गुरांच्या पाठींत अळी घालणाऱ्या माशीवर तिनें छापील पत्रकें वांटलीं. इ. स. १९०० त एडिंबरो विद्यापीठानें तिला सन्मान्य पदवी दिली. त्या विद्यापीठानें असा मान दिलेली ती पहिली स्त्री. आम्हांस विशेष वाटतें तें तिच्या पत्रव्यवहाराचें. कागद गोळा करणें, ताडून पाहणें, शंका असल्यास पुन्हां लिहून विचारणें, ही तर आपल्या संशोधकांचीच रीत!

आतां प्लेगाकडे वळूं. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत रोग ओळखला गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास रँडसाहेबाची कमिटी नेमली गेली आणि १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या हातून घरांच्या झडत्या सुरू झाल्या. सावित्रीबाईंच्या मृत्यूस त्या वेळीं अवघे तीन दिवस झाले होते. झडत्यांचा जुलूम, २२ जूनचा गणेशखिंडींतील प्रसंग, चापेकर बंधूंचें बलिदान, हें सर्व पुष्कळांनीं लिहिलें आहे. त्याची पुनरुक्ति नको. आमचा मुद्दा वेगळा आहे. सरकारनें जे उपाय केले ते सर्व रोग माणसापासून माणसास, घाणीपासून माणसास लागतो अशा समजुतीवर उभारलेले होते. भिंतीस चुना, जमिनीवर पाऱ्याच्या क्षाराचें पाणी, रोग्याची उचलबांगडी, घरच्यांस वेगळें कोंडणें. त्या पाण्यानें जंतु मरत असतील, पण फटींतील पिसवा मरत नव्हत्या.

लोकांस मात्र एक गोष्ट ठाऊक होती. उंदीर पडूं लागले कीं घर सोडून माळावर झोंपड्या घालाव्या. हें भागवतांत सांगितलें आहे असें त्या काळापासून आजवर अनेकांनीं लिहिलें. आम्हीं बाराहि स्कंध त्या दृष्टीनें वाचले, तसें वचन आम्हांस आढळलें नाहीं. वचन नसलें म्हणून अनुभव खोटा ठरत नाहीं. उलट ग्रंथाचा आधार नसतां लोकांनीं तो केवळ डोळ्यांनीं मिळविला, हें अधिक मोलाचें.

उंदीर व माणूस यांमधील दुवा सांपडला तो पुढील वर्षीं. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ याला कांहीं रोग्यांच्या पायांवर बारीक फोड दिसले. फोडांत प्लेगाचे जंतु होते. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांस कोण चावतें? २ जून १८९८ रोजीं कराचींत त्यानें एका मोठ्या बरणींत पिसवांनीं भरलेला रोगी उंदीर ठेविला व वर जाळीच्या पिंजऱ्यांत निरोगी उंदीर ठेविला. दोघांचा स्पर्श झाला नाहीं, तरी कांहीं दिवसांनीं दुसरा उंदीर प्लेगानें मेला. सिमाँचें म्हणणें बरींच वर्षें कोणीं मानलें नाहीं. शेवटीं लिस्टन व प्लेग संशोधन मंडळ यांनीं इ. स. १९०५ पासून मुंबईस प्रयोग करून तें सिद्ध केलें. प्लेगाच्या घरांत जमिनीवर ठेविलेले गिनीपिग मेले. पिसवेची उडी पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर टांगलेले, किंवा भोंवतीं चिकट कागद पसरलेले वांचले.  इ. स. १९१४ त बॅकट व मार्टिन यांनीं पुढचा उलगडा केला. जंतु वाढून पिसवेच्या अन्ननळीच्या तोंडाशीं गोळा बसतो, रक्त पोटांत जात नाहीं, भुकेली पिसू पुन्हां पुन्हां चावते आणि प्रत्येक वेळीं जंतु ओकते.

यावरून स्पर्श या शब्दाचा निकाल लागतो. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यांतून माणसास माणसापासून लागतो. परंतु गांठीचा प्लेग रोग्यास उचलल्यानें सहसा लागत नाहीं. मुलाच्या वस्त्रांतील, झोंपडींतील वा दवाखान्याच्या जमिनींतील पिसू चावली असणें हेंच संभवनीय आहे. हा भेद क्षुल्लक नव्हे. ज्या वस्तीच्या सांवलीचाहि विटाळ मानीत, त्या वस्तींतील मुलाच्या स्पर्शानें मरण आलें असें लिहिल्यानें एक जुनाच अपसमज वैद्यकाचें वस्त्र पांघरून पुन्हां उभा राहतो. सावित्रीबाईंचा जन्म ज्या समजुतीशीं झगडण्यांत गेला, तिचाच शब्द त्यांच्या मृत्यूच्या नोंदींत ठेवणें हा त्यांच्यावर अन्याय आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुढील आवृत्त्यांत चरित्रकारांनीं तो बदलावा.

ज्या पिसवेनें हा अनर्थ केला तिचें शास्त्रीय नामकरण चार्ल्स रॉथशील्ड यानें इ. स. १९०३ त केलें. नमुने सुदानांतील होते, म्हणून पिरॅमिड बांधणाऱ्या खिऑप्स राजाचें नांव तिला मिळालें. जातीचें नांव प्रथम पूलेक्स, म्हणजे आपल्या प्लुषीचीच बहीण. त्याची कन्या मिरियम रॉथशील्ड (१९०८–२००५) हिचें शिक्षण घरींच झालें. हॉपकिन्स यांच्यासह तिनें बापाच्या पिसूसंग्रहाची सूची पांच मोठ्या खंडांत केली. पहिला खंड १९५३ त, पांचवा १९७१ त. सूची करण्याचे कष्ट आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नकोत. पिसू उडी कशी मारते, तिच्या अंगांतील रबरासारखा पदार्थ आंवळून कसा सुटतो, हेंहि तिच्या परिश्रमांनीं उघड झालें. परजीवी कीटकांच्या दुसऱ्या अभ्यासक थेरेसा क्ले यांच्यासह तिनें १९५२ त सामान्य वाचकांसाठीं एक रसाळ पुस्तक लिहिलें. पिसवेवर कोणी रसाळ लिहील हें आम्हांस पूर्वीं खरें वाटलें नसतें.

असें ज्ञान लोकांपर्यंत पोंचल्यानें काय होतें याचें एक उदाहरण महाराष्ट्रांतीलच आहे. ऑगस्ट १९९४ त बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं उंदीर मेल्याची व पिसवांचा उपद्रव झाल्याची तक्रार गांवकऱ्यांनींच केली, आणि तीवरून तपास सुरू झाला. शके १८१८ त मुंढव्याच्या लोकांनीं उंदीर पाहिले असतील, पिसवाहि पाहिल्या असतील. परंतु दुसऱ्या गोष्टीचा अर्थ त्यांस सांगणारें तेव्हां जगांत कोणी नव्हतें.

राहतां राहिली एक विनंती. आपल्यापैकीं पुष्कळांच्या दप्तरांत शके १८१८ ते १८२० मधील खासगी पत्रें, जमाखर्च व टांचणें असतील. तीं अर्वाचीन म्हणून बाजूस सारलीं जातात आणि शेवटीं कसरीच्या तोंडीं जातात. त्यांत उंदीर कोणत्या दिवशीं पडले, घर केव्हां सोडलें, झोंपड्या कोठें घातल्या, आणि रोग्याची शुश्रूषा घरांतील कोणत्या बाईनें केली, यांपैकीं कांहींहि आढळल्यास त्याची अक्षरशः नक्कल करून ठेवावी. शेवटची नोंद बहुधा मिळणार नाहीं, मिळाली तरी नुसतें “घरांतून” एवढेंच लिहिलेलें असेल. अशा ठिकाणीं त्या बाईचें नांव वंशावळींतून काढून समासांत लिहावें. मूळ कागद कोणीं हातचा देऊं नये. नदीच्या दोन्ही तीरांवरील गांवांचे, विशेषतः मुंढवा, हडपसर, मांजरी व खराडी येथील, कागद असल्यास आम्ही स्वतः येऊन नक्कल करून घेऊं.