क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल संसर्ग : तीव्रतेचे वर्गीकरण

क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल या जीवाणूमुळे होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या संसर्गाची लक्षणे व रक्ततपासणी यांवरून केलेली प्रतवारी. हा जीवाणू १९३५ मध्ये नवजात अर्भकांच्या विष्ठेत आढळला. प्रतिजैविकांनंतरच्या बृहदांत्रशोथाशी त्याचा संबंध १९७८ मध्ये स्पष्ट झाला (पहा : प्रतिजैविके). अमेरिकेतील २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तातील श्वेत पेशी दर घन मिमी.ला १५,००० वा त्याहून अधिक असल्यास किंवा क्रिएटिनिन दर डेसिलिटरला १.५ मिग्रॅ.च्या वर गेल्यास संसर्ग तीव्र मानतात. रक्तदाब घसरणे, आतड्याची हालचाल थांबणे वा बृहदांत्र फुगणे ही अतितीव्र अवस्थेची लक्षणे होत. या अवस्थेत जुलाब थांबले तरी ती सुधारणा नसते, हे विशेष ध्यानात घ्यावे लागते. औषधाची मात्रा व शस्त्रक्रियेचा निर्णय या प्रतवारीवर ठरतो (पहा : व्हँकोमायसीन).