घसारा

नवापूरचा भाचा वरातीच्या बँडमध्ये पॅड बडवतो. परवा दारात येऊन उभा. "मामा, कीबोर्ड घेऊ की लॅपटॉप? पैसे एकाचेच आहेत, तेही थोडे कमीच." मी बी.कॉम. सुरांतला मला फक्त बेसूर कळतो. पण घसारा कळतो. तेव्हा जुनी खातेवही उघडली.

१९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून तबकडी काढली. खपली नाही. त्यातले टीबी-३०३ हे चंदेरी डबडे खरे तर बेस गिटारवाल्याला घरी बसवायला निघालेले. १९८४पर्यंत स्वतःच घरी बसले. आमच्या हिशेबी किंमत शून्य! मग शिकागोच्या पोरांनी तीच डबडी स्वस्तात उचलून ॲसिड हाऊस नावाचे संगीत काढले, आणि शून्याचे भाव लाखांत गेले. सिंगांची तबकडी २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाने कान टवकारले.

१९९७मध्ये त्याच डबड्यांची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर आले. नाव 'रीबर्थ'. पुनर्जन्म म्हणे! २००५ला कंपनीने त्याचे दुकान आवरले. मूळ डबडी अजून वाजताहेत.

"म्हणजे कीबोर्डच," भाचा म्हणाला. "तसंही वैशाखात गाडीवर लॅपटॉप तापून वरात थांबली, तर वऱ्हाडी मलाच बडवतील."

एवढे ठरलेच होते, तर मला विचारले कशाला? त्याने हळूच पतपेढीचा अर्ज पुढे सरकवला. जामीनदाराच्या रकान्यात माझे नाव आधीच लिहिलेले होते, तेही सुवाच्य अक्षरात.