खतावणीबाहेरचे गाणे

कलाप्रकाराची व्याख्या कलावंताऐवजी व्यापारी करू लागला, की ती मालाच्या गुणावर न बेतता गिऱ्हाइकाच्या जातीवर बेतली जाते; अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाराचा पूर्वेतिहास चाळणाऱ्यास याचा प्रत्यय पदोपदी येतो. १९२० साली ओके कंपनीने मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचे ‘क्रेझी ब्लूज’ हे गीत मुद्रित केले, ते धडाक्याने खपले, आणि कृष्णवर्णीयांनाही तबकड्या विकत घेण्याची हौस व ऐपत आहे असा साक्षात्कार होताच ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची स्वतंत्र सूची कंपन्यांच्या दप्तरी दाखल झाली. पुढे तीनच वर्षांनी राल्फ पीअर याने अटलांटा शहरी फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवादकाचे गाणे मुद्रित केले, आणि दक्षिणेकडील गोऱ्या खेडुतांसाठी ‘हिलबिली’ हे दुसरे खाते उघडले गेले. एकाच मुलखात, एकाच कापसाच्या शेतांच्या आणि एकाच लोहमार्गाच्या आसपास नांदणाऱ्या गाण्याची अशी रीतसर वाटणी झाली. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने पहिल्या खात्यास ‘रिदम अँड ब्लूज’ आणि दुसऱ्यास ‘कंट्री अँड वेस्टर्न’ अशी अधिक सभ्य नावे दिली. हद्द मात्र जिथल्या तिथे राहिली.

गायकवादकांनी ही हद्द मनापासून कधीच मानली नव्हती. कंट्री संगीताचा आद्यपुरुष म्हणून ज्याला मान आहे तो जिमी रॉजर्स मूळचा रेल्वेतला नोकर, आणि त्याच्या गाण्याचा अर्धाअधिक साचा ब्लूजचाच. १९३० साली हॉलिवुडमध्ये त्याने ‘ब्लू योडेल नंबर ९’ मुद्रित केले, तेव्हा मागे ट्रम्पेट वाजवीत होता लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर होती त्याची पत्नी लिल. हँक विल्यम्सने पोरवयात गिटारीचे पाठ घेतले ते अलाबामातल्या रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाकडून. ज्या बँजोवाचून गोऱ्या खेडुतांचे संगीत आज कल्पनेतही उभे राहत नाही, त्या वाद्याचे मूळ तर गुलामांबरोबर आफ्रिकेतून आलेले. नॅशव्हिलहून प्रक्षेपित होणाऱ्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या आकाशवाणी कार्यक्रमाच्या आरंभीच्या लोकप्रिय कलावंतांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. १९४१ साली त्याला काढून टाकण्यात आले आणि चरितार्थासाठी त्याने बूट-पॉलिशचे दुकान चालविले.

हाच कार्यक्रम दर शनिवारी रात्री फ्लोरिडातील ग्रीनव्हिल या खेड्यात एक कृष्णवर्णीय मुलगा कान देऊन ऐकत असे. रे चार्ल्स रॉबिन्सन याचा जन्म १९३० मधला, जॉर्जियातील ऑल्बनी गावचा. आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत धुण्याच्या टबात बुडून मेला, आणि वयाच्या सातव्या वर्षापर्यंत त्याची स्वतःची दृष्टीही गेली. पुढील शिक्षण सेंट ऑगस्टीन येथील मूकबधिर व अंध मुलांच्या सरकारी शाळेत झाले. ज्यांना कातडीचा रंग दिसूच शकत नव्हता, अशा मुलांनाही त्या शाळेने रंगावरून वेगवेगळे ठेवले होते. सरकारी वर्गवारीचा याहून निखळ मासला शोधून सापडणार नाही. तेथे तो ब्रेल लिपीतून पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकला. या पद्धतीत एका हाताने ठिपके चाचपायचे आणि दुसऱ्या हाताने वाजवायचे, मग हात बदलायचा, आणि दोन्ही हातांचे पाठ झाले की ते मनातल्या मनात जुळवायचे. डोळसाप्रमाणे कागद समोर ठेवून वाजविण्याची सवलत नाही. सगळे संगीत आधी स्मरणात साठवावे लागे, आणि तिथे शोपँ, चर्चमधली भजने, ब्लूज व ऑप्रीवरची खेडवळ गाणी यांची निरनिराळी दालने नव्हती.

पंधराव्या वर्षी आई गेली, शाळा सुटली, आणि पोटासाठी तो फ्लोरिडाभर वाजवीत हिंडला. टँपा शहरी ‘फ्लोरिडा प्लेबॉइज’ या गोऱ्यांच्या कंट्री वाद्यवृंदातही त्याने काही काळ पियानो वाजविला. मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन याच्याशी घोटाळा नको म्हणून आडनाव गळले. १९५२ मध्ये तो अटलांटिक कंपनीत आला, आणि १९५४ च्या ‘आय गॉट अ वुमन’ या गीतात त्याने चर्चच्या भजनाचा आवेश प्रापंचिक प्रेमगीतात ओतला. धर्मनिष्ठांना तो पाखंड वाटला, तरुणांनी त्याला डोक्यावर घेतले. १९५९ साली हँक स्नो या कंट्री गायकाचे ‘आय अ‍ॅम मूव्हिंग ऑन’ हे गीत त्याने मुद्रित केले खरे, पण ते बेताचेच गाजले.

त्याच वर्षअखेरीस एबीसी-पॅरामाउंट कंपनीशी त्याने जो करारनामा केला, त्याचे महत्त्व संगीताच्या इतिहासकारांपेक्षा कदाचित वकिलांना अधिक कळेल. मूळ मुद्रणांची मालकी कालांतराने गायकाकडे यावी आणि काय गावे याची मुखत्यारी त्याच्याकडेच असावी, अशी कलमे त्या काळी मातब्बर गोऱ्या गायकांनाही क्वचित लाभत. तेव्हा १९६२ च्या आरंभी त्याने कंट्री गीतांची संपूर्ण तबकडी करण्याचा मनोदय सांगितला आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी, जमविलेला श्रोतृवर्ग गमावाल अशी धास्ती व्यक्त केली, तरी अखेरचा शब्द त्याचाच होता. निर्माता सिड फेलर याने प्रकाशकांकडून गाण्यांचा ढीग मागविला, त्यातून बारा निवडली गेली, आणि फेब्रुवारी महिन्यात न्यूयॉर्क व हॉलिवुड येथे मुद्रण आटोपून एप्रिलमध्ये ‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ बाजारात आली.

या तबकडीत कंट्रीची ओळख पटविणारी फिडल व स्टील गिटार ही वाद्ये नाहीत. काही गीतांना जेराल्ड विल्सन व गिल फुलर यांनी जाझच्या पितळी वाद्यांचा दणदणीत साज चढविला आहे, तर उरलेल्यांना मार्टी पेच याने तंतुवाद्यांचा आणि वृंदगानाचा. हा दुसरा साज मला जागोजागी पाकातल्या पुरीसारखा वाटतो, आणि केवळ त्याच्यावर भिस्त असती तर तबकडी केव्हाच विस्मृतीत गेली असती. परंतु डॉन गिब्सनरचित ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ लक्ष देऊन ऐकावे. वृंद ओळ म्हणतो तो अगदी घोटून, सपाट, गणवेशातल्या शिस्तीने. आणि त्याच्या पाठीमागून, किंचित उशिराने, रेचा आवाज येतो तो चिरकत, घसरत, मध्येच स्वर सोडून उसासा टाकीत. एकाने पुकारावे आणि दुसऱ्यांनी प्रतिसाद द्यावा ही कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली जुनी वहिवाट. येथे मात्र पुकारण्याचे काम नीटनेटक्या समुदायाकडे आहे आणि प्रतिसाद एकट्या, जखमी माणसाचा आहे. सिंडी वॉकर व एडी अर्नोल्ड यांचे ‘यू डोन्ट नो मी’ तो इतक्या सावकाश गातो, की प्रत्येक शब्दापाशी न बोललेले काहीतरी थबकलेले राहते. त्याने शब्द बदलले नाहीत, चाली फारशा मोडल्या नाहीत. त्या गाण्यांत दडलेला ब्लूज केवळ ऐकू येईल इतका त्याने मोठा केला. दोन परक्या प्रकारांचे कौतुकास्पद मिश्रण अशी या तबकडीची नेहमी स्तुती होते; मला ती अपुरी वाटते, कारण मुळात जे वेगळे नव्हते त्याचे मिश्रण कसले करायचे?

गंमत अशी, की जे गीत सर्वाधिक गाजले ते ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ फेलरला दुबळे वाटले होते आणि म्हणून त्याने ते अकराव्या क्रमांकावर ढकलले होते. टॅब हंटर या गोऱ्या नटाने त्याची हुबेहूब नक्कल मुद्रित केल्याची वार्ता आली, तेव्हा कुठे घाईघाईने काटछाट करून ते छोट्या तबकडीवर काढण्यात आले. ते पाच आठवडे राष्ट्रीय यादीच्या अग्रस्थानी राहिले आणि मोठी तबकडी चौदा आठवडे; ऑक्टोबरात दुसरा खंडही निघाला. १९६१ मध्येच जॉर्जियातील ऑगस्टा शहरी विभक्त बसविलेल्या श्रोत्यांपुढे गाण्यास नकार दिल्याबद्दल या गायकावर करारभंगाचा दावा गुदरला होता आणि त्याला दंड भरावा लागला, हेही त्याच काळातले.

‘बिलबोर्ड’च्या सर्वसाधारण यादीत हे गीत पहिले, ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीतही पहिले, कंट्रीच्या यादीत मात्र त्याला त्या वर्षी जागाच मिळाली नाही. त्या यादीच्या शिखरावर रे चार्ल्सचे नाव चढले ते १९८५ साली, विली नेल्सनसह गायिलेल्या ‘सेव्हन स्पॅनिश एंजल्स’मुळे.