ढिगाऱ्याखालची राणी

जुन्या गोव्यात जांभ्याचा 46 मीटर उंच मनोरा एकटाच उभा आहे. हा 1602 मधला सेंट ऑगस्टीन चर्चचा घंटामनोरा. रोगराईने पोखरलेली पोर्तुगीजांची ही राजधानी हळूहळू ओस पडत गेली. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघच मोडीत काढले, चर्चला लागून असलेला मठ निर्मनुष्य झाला, 1842 मध्ये चर्चची कमान कोसळली. घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसला, तेव्हा वेद्या, थडगी, रंगीत फरशा उजेडात आल्या. पण खरा शोध एका हाडाचा!

जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये शिराझमध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने हालहाल करून मारलं. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यात आणून या मठात जपला. जुन्या पोर्तुगीज नोंदींत मठातली नेमकी जागा, अगदी खिडकीसकट, सांगितलेली होती. त्या आधारे शोध घेतला, तेव्हा हे हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत हाडाची डीएनए तपासणी झाली आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हे अवशेष केतेवानचेच असावेत.

कागद आणि कुदळ यांची अशी भेट दुर्मीळच. जुलै 2021 मध्ये भारताने त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला.