साधेपणाचा शिक्का

बहिणाबाई चौधरींच्या कवितेविषयी एक मत रूढ आहे. खानदेशातल्या आसोद्याची ही लेक निरक्षर. शेतात नि चुलीपाशी जे दिसले, तेच तिच्या ओठांवर आले. तिच्या प्रतिमांत घडण शोधणे हा निव्वळ पंडिती उपद्व्याप. या मतामागे आदर आहे, तथ्यही आहे. बाईंना अक्षरओळख नव्हती. गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून घेतली; आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा बाई हयात नव्हत्या. हे सारे मान्य. निष्कर्ष मात्र अमान्य.

पाहिले की प्रतिमा झाली, असे असेल तर तवा खानदेशात घरोघरी तापत होता. मग कविता घरोघरी का झाली नाही?

संसारावरचे त्यांचे गाणे घ्या. तव्याचा चटका आधी, भाकर नंतर, एवढे सांगून आपण 'कष्टाविना फळ नाही' असा बोध काढतो नि पान उलटतो. पुढे काय आहे? देवळाच्या कळसाला लोटा समजू नये, गळ्यातल्या हाराला लोढणे म्हणू नये, असे बाई बजावतात. कळस आणि लोटा दोन्ही धातूचे, घाटही मिळताजुळता. लोढणे म्हणजे ओढाळ गुराच्या गळ्यातला ओंडका, हारही गळ्यातच. दिसण्यातले साम्य आधी पुरते मान्य करायचे आणि मग चुकीचे रूपक खोडायचे, याला भाबडेपणा म्हणायचे? हे तर खंडन-मंडन आहे.

त्याच गाण्यात बिब्बा येतो. त्याचे तेल अंगाला लागले की फोड उठतात; आत मात्र गोडंबी. तव्यावर चटका सोसल्यावर भाकर मिळते. बिब्ब्यात पोळणारे आणि गोड एकाच फळात नांदते. पहिल्या प्रतिमेत सुख ही दुःखाची मजुरी आहे, दुसरीत ते दुःखाच्या पोटातच आहे. प्रतिमा बदलली तसा विचारही पुढे सरकला. हे आपोआप घडत नसते.

'पण शिक्षण नव्हते ना?' शाळा नव्हती, शिक्षण होते. जात्यावरची ओवी कानाला लय शिकवते, कीर्तन दृष्टान्त कसा रचावा ते शिकवते. निरक्षर म्हणजे असंस्कारित नव्हे.

२०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बाईंचे नाव मिळाले. नाव देणे सोपे होते. त्यांना 'साध्या' ठरवून वाचनाचे कष्ट टाळणे त्याहून सोपे. यात गौरव किती आणि आळस किती, याचा निवाडा वाचकांनीच करावा.