आधी दारिद्र्यनिर्मूलन : जागतिक विकास कार्यक्रमातील भारताचा आग्रह (१९७१–२०१८)

संयुक्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्क येथे २०३० पर्यंतचा शाश्वत विकासाचा कार्यक्रम स्वीकारला. त्यातील १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये ठरत असताना भारताने लावून धरलेले मुद्दे मोजकेच होते. दारिद्र्यनिर्मूलनाला अग्रस्थान असावे, श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या उपभोगाचा आणि ऐतिहासिक जबाबदारीचा भार उचलावा, गरीब राष्ट्रांना पैसा व तंत्रज्ञान मिळावे, आणि प्रगतीचा आढावा ज्या त्या देशाने स्वतःच घ्यावा, हे ते मुद्दे होत. या वाटाघाटींच्या ऐन मध्यात, मे २०१४ मध्ये, दिल्लीत सत्तांतर झाले; तरीही न्यूयॉर्कमधील भारतीय प्रतिनिधींच्या मांडणीत त्यामुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एरवी जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर परस्परविरोधी बोलणाऱ्या दोन सरकारांनी ही भूमिका विनातक्रार पुढे चालवली, याचे कारण असे की ती कोणत्याही एका सरकारने घडवलेली नव्हती. ती सुमारे चार दशकांच्या अनुभवातून घट्ट झालेली परंपरा होती.

या परंपरेचा आरंभ स्टॉकहोम परिषदेच्या तयारीत सापडतो. मानवी पर्यावरणावर जागतिक परिषद भरवावी, ही सूचना स्वीडनने १९६८ मध्ये केली, तेव्हा आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक सरकारांनी तिच्याकडे संशयानेच पाहिले. धुराड्यांचा धूर आणि नद्यांतील रसायने हे कारखानदारीच्या अतिरेकाचे परिणाम होते, आणि ज्यांच्याकडे कारखानेच अपुरे होते त्यांना ही चिंता परक्याची वाटत होती. शिवाय पर्यावरणाच्या नावाखाली आपल्या औद्योगिकीकरणाला लगाम घातला जाईल आणि विकासासाठी मिळणारी मदत आटेल, अशी धास्ती होती. ब्राझीलने हा विरोध सर्वांत कडव्या शब्दांत मांडला. ही कोंडी फोडण्यासाठी परिषदेचे सरचिटणीस मॉरिस स्ट्राँग यांनी जून १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील फूने या गावी तज्ज्ञांची बैठक बोलावली. पाकिस्तानचे महबूब उल हक आणि श्रीलंकेचे (तेव्हाच्या सिलोनचे) गामनी कोरिया यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ तीत सहभागी होते. गरीब देशांतील पर्यावरणाचे प्रश्न विकासाच्या अतिरेकातून नव्हे, तर मुख्यतः विकासाच्या अभावातून उद्भवतात, हे या बैठकीच्या अहवालाचे मध्यवर्ती प्रतिपादन होते. दूषित पाणी, अपुरी घरे, मैल्याची व्यवस्था नसणे, कुपोषण आणि रोगराई हे सर्व त्याने पर्यावरणाचेच प्रश्न मानले. या एका व्याख्येमुळे गरीब देशांना परिषदेत शिरण्याचे दार मिळाले; पुढे भारताने जे जे मागितले त्याचा तात्त्विक पाया याच अहवालात होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

५ ते १६ जून १९७२ या काळात स्टॉकहोम येथे भरलेल्या परिषदेला ११३ देश उपस्थित राहिले. पूर्व जर्मनीला समान दर्जाने निमंत्रण न मिळाल्यामुळे सोव्हिएत गटाने तिच्यावर बहिष्कार घातला होता. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याव्यतिरिक्त तेथे आलेल्या एकमेव शासनप्रमुख म्हणजे इंदिरा गांधी. १४ जूनच्या त्यांच्या भाषणातील, दारिद्र्य आणि गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषके नाहीत काय, हा सवाल जगभर गाजला. मात्र नंतरच्या उद्धरणांत तो बहुधा प्रश्न न राहता ठाम सिद्धान्त होऊन बसला. भाषणात त्या प्रश्नाच्या आगेमागे बरेच काही होते. श्रीमंत राष्ट्रे एकीकडे आमच्या गरिबीला नाके मुरडतात आणि दुसरीकडे स्वतः वापरलेल्या मार्गांपासून आम्हाला सावध करतात, ही तक्रार त्यात होती. आणि जंगलात व जंगलाभोवती राहणाऱ्यांना रोजगार व क्रयशक्ती मिळाल्याशिवाय जंगल राखा असे त्यांना सांगता येणार नाही, हा व्यवहारी मुद्दाही होता. म्हणजे दारिद्र्याला दोष देऊन मोकळे होण्याऐवजी दारिद्र्य हटवणे हाच पर्यावरणरक्षणाचा मार्ग आहे, असा त्या युक्तिवादाचा रोख होता.

हा युक्तिवाद किती खरा होता याचा पडताळा त्याच वर्षी महाराष्ट्रात येत होता. १९७२च्या भीषण दुष्काळात गावोगावी पाझर तलाव, बंडिंग आणि रस्ते यांची कामे काढून सरकारने लाखो माणसांना मजुरी दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला तिचा आधार झाला. मृद्संधारणाचे काम आणि पोटाची सोय एकाच हजेरीपटावर बसवणारी ही योजना स्टॉकहोमच्या चर्चांतून निघालेली नव्हती. पण इंदिरा गांधींच्या प्रतिपादनाला याहून चांगले देशी उदाहरण मिळाले नसते.

स्टॉकहोम जाहीरनाम्यातील २६ तत्त्वांपैकी एकविसाव्या तत्त्वाने प्रत्येक राष्ट्राचा आपल्या साधनसंपत्तीवरील सार्वभौम हक्क मान्य केला आणि इतर देशांच्या पर्यावरणाला अपाय न करण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली. भारताच्या वाटाघाटींच्या शब्दकोशात यातील पहिला भाग कायमचा रुजला. देशांतर्गत पातळीवर परिषदेचे परिणाम लवकर दिसू लागले. १९७४ मध्ये जलप्रदूषणविरोधी कायदा झाला. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. आणीबाणीच्या काळात, नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित असताना, हे कर्तव्य घटनेत आले, ही इतिहासातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

पैसा आणि तंत्रज्ञान आधी, सही नंतर, हा भारतीय वाटाघाटींचा नियम खऱ्या अर्थाने ओझोनच्या प्रश्नावर तयार झाला. सूर्याच्या अतिनील किरणांपासून पृथ्वीचे रक्षण करणारा ओझोनचा थर क्लोरोफ्लुरोकार्बन या वायूंमुळे विरळ होत होता. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार १९८७ मध्ये माँट्रियल येथे झाला. या वायूंचा जवळजवळ सारा वापर श्रीमंत देशांत झालेला असताना पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च आपण का सोसावा, असा प्रश्न विचारून भारत आणि चीन करारापासून दूर राहिले. त्यांच्यासारखे विशाल भावी बाजार बाहेर राहिले तर करार निष्फळ ठरेल, हे इतरांनाही कळत होते. जून १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत, तत्कालीन पर्यावरण मंत्री मनेका गांधी भारताची बाजू मांडत असताना, गरीब देशांचा वाढीव खर्च भागवणारा बहुपक्षीय निधी मान्य झाला आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत भारतीय मुत्सद्द्यांना या विजयाची आठवण राहिली. परंतु ओझोनच्या बाबतीत मूठभर रसायने आणि मूठभर उत्पादक होते, तर हवामानाच्या आणि विकासाच्या प्रश्नात अवघी अर्थव्यवस्थाच गुंतलेली होती, हा भेद त्या आठवणीत बराचसा पुसला गेला.

हवामानाच्या प्रश्नावरील समतेचा युक्तिवाद सरकारच्या कचेरीत जन्मला नाही. वॉशिंग्टनमधील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने हरितगृह वायू सोडणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताचा समावेश केला, तेव्हा दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये एका पुस्तिकेतून त्या गणिताची चिरफाड केली. भातखाचरे आणि गुराढोरांतून निघणारा मिथेन आणि मोटारगाड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन वेगळे मानले पाहिजे, आणि वातावरणाची वायू शोषून घेण्याची क्षमता ही सर्व माणसांची सामाईक मालमत्ता असल्याने तिची वाटणी दरडोई व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. जून १९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथे भरलेल्या वसुंधरा परिषदेच्या जाहीरनाम्यातील सातव्या तत्त्वात ‘सामाईक पण भिन्न जबाबदारी’ ही संकल्पना आली. पृथ्वीचे रक्षण सर्वांचे काम आहे, पण ऱ्हासातील वाटा आणि हाती असलेली साधने सारखी नसल्याने प्रत्येकाचे दायित्वही सारखे नाही, असा तिचा आशय. भारतासाठी हे तत्त्व जवळजवळ घटनात्मक तरतुदीसारखे झाले.

२००० सालच्या सहस्रक जाहीरनाम्यातून निघालेली आठ विकास उद्दिष्टे याच्या अगदी उलट वाटेने आली. त्यांची यादी सरकारांनी शब्दाशब्दावर भांडून केलेली नव्हती, तर आंतरराष्ट्रीय संस्थांतील अधिकारी व तज्ज्ञांनी संकलित केली होती, आणि तिचा सारा रोख गरीब देशांनी काय करावे यावर होता. तिच्यात ऊर्जेला, कारखानदारीला वा पायाभूत सुविधांना स्वतंत्र स्थान नव्हते. स्वच्छतागृहांचे लक्ष्यदेखील मागाहून, २००२च्या जोहान्सबर्ग परिषदेत जोडले गेले. (महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्याच्या आधीच सुरू झाले होते.) २०१५ पर्यंत भारताने दारिद्र्य निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य गाठले, सरकारी अहवालानुसार दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्येचे प्रमाण १९९० मधील ४७.८ टक्क्यांवरून २०११–१२ मध्ये २१.९ टक्क्यांवर आले होते. माता मृत्यूचे लक्ष्य मात्र दर लाख जिवंत जन्मांमागे १०९ असताना २०११–१३ मधील प्रमाण १६७ होते, आणि २०११च्या जनगणनेनुसार घराच्या आवारात शौचालय असलेली कुटुंबे ४६.९ टक्केच होती. परक्यांनी केलेल्या यादीवरील आक्षेप योग्य होता, पण या आकड्यांना तो उत्तर नव्हता.

नव्या यादीची कल्पना २०११ मध्ये कोलंबियाने मांडली, ग्वाटेमालाने तिला साथ दिली आणि जून २०१२ मध्ये रिओ येथे पुन्हा भरलेल्या परिषदेत शाश्वत विकास उद्दिष्टे तयार करण्याचा निर्णय झाला. यासाठी नेमलेल्या खुल्या कार्यगटात तीसच जागा होत्या आणि दावेदार पुष्कळ, म्हणून बहुतेक जागा दोन-तीन देशांनी वाटून घेतल्या. भारताच्या वाट्याला आलेली जागा पाकिस्तान आणि श्रीलंका यांच्यासह सामाईक होती. एरवी एका व्यासपीठावर क्वचितच एकसुरात बोलणाऱ्या शेजाऱ्यांना फूनेच्या बैठकीनंतर चार दशकांनी पुन्हा याच विषयाने एका बाकावर आणले. केनियाचे माचारिया कामाऊ आणि हंगेरीचे चाबा कोरोशी यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०१३ ते जुलै २०१४ या काळात कार्यगटाची तेरा सत्रे झाली.

या सत्रांतील खरी झुंज सार्वत्रिकतेच्या अर्थावरून होती. नवी उद्दिष्टे सर्व देशांना लागू असावीत असे श्रीमंत राष्ट्रे म्हणत होती, आणि त्यामागे उदयोन्मुख अर्थव्यवस्थांना गरीब देशांच्या रांगेतून बाहेर काढण्याचा हेतू असल्याची शंका भारताला होती. भारताने सार्वत्रिकता नाकारली नाही, उलट ती प्रतिपक्षावरच उलटवली. उद्दिष्टे सर्वांसाठी असतील तर उपभोग आणि उत्पादनाच्या उधळ्या पद्धती बदलण्याची सक्ती प्रथम श्रीमंतांवर यावी, हा मुद्दा बाराव्या उद्दिष्टात विकसित देशांनी पुढाकार घ्यावा या शब्दांत उतरला. आर्थिक वाढ, ऊर्जा आणि औद्योगिकीकरण यांना स्वतंत्र उद्दिष्टे मिळाली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने त्या वेळी भारतात सुमारे २४ कोटी माणसे विजेविना राहत असल्याने ऊर्जेचा आग्रह केवळ तात्त्विक नव्हता. शांतता व सुशासन यांवरील सोळाव्या उद्दिष्टाला मात्र भारताची नाराजी होती. शाश्वत विकासाचे आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय हे तीन आधारस्तंभ पुरेसे असताना चौथा उभारल्यास विकासाच्या वाटेने परकी देखरेख आत शिरेल, अशी भीती तिच्या मुळाशी होती. ते उद्दिष्ट अखेरीस टिकलेच.

‘सामाईक पण भिन्न जबाबदारी’वरील वाद शेवटपर्यंत चालला. रिओच्या सातव्या तत्त्वातील शब्द पर्यावरणाच्या जागतिक ऱ्हासापुरते आहेत, ते शाळा, आरोग्य वा करप्रशासन यांना कसे लागू होतील, हा श्रीमंत राष्ट्रांचा आक्षेप शब्दार्थाच्या दृष्टीने बिनतोड होता. २ ऑगस्ट २०१५ रोजी एकमत झालेल्या मसुद्याच्या बाराव्या परिच्छेदात रिओच्या सर्व तत्त्वांचा पुनरुच्चार करताना या तत्त्वाचा नामनिर्देश झाला, पण सातव्या तत्त्वात मांडल्याप्रमाणे, अशी मर्यादाही तेथेच घातली गेली. दोन्ही बाजूंना घरी जाऊन विजय सांगता यावा, असे हे वाक्य आहे. तंत्रज्ञानासाठी एक साहाय्य यंत्रणा स्थापन झाली, परंतु तिच्यात लंडनच्या निधीची ताकद नव्हती. आढावा ऐच्छिक आणि देशाच्याच नेतृत्वाखाली असावा, हा आग्रह पूर्णपणे मान्य झाला.

देशांतर्गत अंमलबजावणीत समन्वयाचे काम १ जानेवारी २०१५ रोजी अस्तित्वात आलेल्या नीती आयोगाकडे गेले, आणि २०१७ मध्ये भारताने आपला पहिला ऐच्छिक आढावा संयुक्त राष्ट्रांत सादर केला. येथे एक गंमत घडली. बाहेरच्यांनी देशाला गुण देऊ नयेत म्हणून इतकी वर्षे झगडलेल्या शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये राज्यांची क्रमवारी लावणारा शाश्वत विकास निर्देशांक प्रसिद्ध केला, आणि केरळ व हिमाचल प्रदेश यांना प्रत्येकी ६९ गुणांसह अग्रस्थान दिले. राष्ट्राराष्ट्रांतील विषमतेवर न्यूयॉर्कमध्ये जितक्या बारकाईने बोलले जाई तितक्या बारकाईने राज्याराज्यांतील अंतर मोजण्याचा हा प्रयत्न स्वागतार्हच होता. दरडोई न्यायाचा युक्तिवाद देशाच्या सीमेवर थांबतो, या जुन्या टीकेला त्यातून काही अंशी उत्तर मिळाले. मात्र त्या पहिल्या निर्देशांकात १७ पैकी १३ उद्दिष्टांचाच समावेश करता आला. सतरावे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय भागीदारीचे असल्याने ते वगळणे साहजिक होते. हवामान आणि सागरी जीवन यांवरील उद्दिष्टे राज्यनिहाय तुलनीय आकडेवारीच्या अभावी गळली, आणि त्याच कारणाने गळलेले चौथे उद्दिष्ट होते बारावे, म्हणजे ज्याच्यासाठी भारताने श्रीमंत राष्ट्रांशी सर्वाधिक वाद घातला होता ते उपभोग आणि उत्पादनाचे.