सायकलच्या बिल्ल्यापासून लपवलेल्या ट्रॅकरपर्यंत

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ एकीकडे गेला, दुर्ग-रायपूर दुसरीकडे. भिलाईच्या वसाहतींत मराठी कानावर पडते, त्याला हा शेजार बराचसा कारण आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार आणि भट्टी यांच्या मधल्या काळात सोव्हिएत संघाने आणखी एक गोष्ट केली होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी त्याने स्पुत्निक आकाशात सोडला. सेक्टर २ मधील क्वार्टरासमोर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक सायकलच्या सीटखाली आज जो ट्रॅकर दडवला जातो, त्याची वंशावळ त्या स्पुत्निकपर्यंत जाते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ स्पुत्निकचा ‘बीप’ ऐकत बसले होते. त्यांना हे काम कोणी नेमून दिलेले नव्हते. उपग्रह जवळ येताना सुमारे २० मेगाहर्ट्झच्या त्या संकेताची वारंवारता काहीशे हर्ट्झने वाढे आणि दूर जाताना तितकीच घटे. हा डॉप्लर परिणाम पाठ्यपुस्तकातला; परंतु वारंवारता किती झपाट्याने उतरते याचा आलेख काळजीपूर्वक मांडला, तर जमिनीवरच्या एकाच ठिकाणावरून उपग्रहाची संपूर्ण कक्षा काढता येते, हे त्यांनी दाखवले. १९५८ च्या मार्चमध्ये त्याच प्रयोगशाळेतील फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला. कक्षा ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याचे स्थान काढता येईल काय? त्यांच्यासमोर पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्या होत्या. त्यातून ‘ट्रान्झिट’ ही पहिली उपग्रह-दिशादर्शन प्रणाली उभी राहिली, आणि १९७८ पासून जीपीएसचे उपग्रह वर जाऊ लागले. जीपीएसमध्ये मात्र मोजणी मुख्यतः वेळेची आहे. चार उपग्रहांवरील अणुघड्याळांचे संकेत किती उशिराने पोहोचले यावरून स्थान निघते. हे उपग्रह सायकलला ‘पाहत’ नाहीत. ते केवळ आपली वेळ सांगत राहतात. ऐकणे आणि गणित करणे हे सायकलवरील यंत्राचे काम. ‘उपग्रहाने चोर पकडला’ असे मथळे देणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे.

भिलाईत सायकल हे पिढ्यान्‌पिढ्या पाळीवर जाण्याचे वाहन राहिले. त्या काळी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि धातूचा बिल्ला देत. ती सायकलची सरकारदरबारी असलेली ओळख होती. कर गेला, बिल्लाही गेला. आजची इलेक्ट्रिक सायकल किमतीने जुन्या सायकलच्या अनेक पट असली, तरी कायद्याच्या दृष्टीने तिची ओळख जवळजवळ नाहीच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीचे आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे बॅटरीवरील वाहन मोटार वाहन गणले जात नाही. त्यामुळे नोंदणी नाही आणि नंबरपट्टीही नाही. ही सवलत योग्यच आहे. तिच्यामुळेच अशी वाहने सामान्य माणसाच्या आवाक्यात राहतात. पण चोरीनंतर ‘ही माझीच’ असे सिद्ध करायला खरेदीची पावती आणि चौकटीवरचा क्रमांक एवढेच उरते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने यात एक वळण आणले आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र ठरली. प्रथमच दोषी ठरलेल्याने वस्तू परत केल्यास त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे कामगाराची जुनी सायकल गेली, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस तपास करू शकत नाहीत. इलेक्ट्रिक सायकलची चोरी मात्र दखलपात्रच राहते.

म्हणून ट्रॅकर. तो लपवायचा कोठे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अधिक भौतिकीचा आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आलेला जीपीएसचा संकेत जमिनीवर इतका क्षीण असतो, की एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले तर त्यांतील साधारण एक ग्राहीच्या वाट्याला येतो. चौकटीची पोलादी नळी हे लपवण्याचे सर्वांत सुरक्षित ठिकाण वाटते. पण धातूच्या भिंतीतून हा संकेत आत शिरत नाही. नळीचे तोंड उघडे ठेवूनही उपयोग नाही. तीन सेंटिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे सहा गिगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेची लहर पुढे सरकूच शकत नाही, आणि जीपीएसचा नागरी संकेत आहे १.५७५ गिगाहर्ट्झचा. ॲल्युमिनियमची चौकटही हाच न्याय लावते. म्हणून ट्रॅकर सीटखाली, मागच्या दिव्याच्या प्लॅस्टिकच्या कवचात किंवा हँडलवरील डिस्प्लेमागे बसवतात, आणि चोरही नेमके तेथेच आधी चाचपतो.

दुसरी अडचण विजेची. स्थान कळले तरी ते मालकाला कळवायला ट्रॅकरमध्ये सिमकार्ड आणि मोबाईलचा प्रेषक लागतो, आणि वीज खाणारा खरा भाग तोच. सायकलच्या मुख्य बॅटरीवर ट्रॅकर चालतो. चोर पहिली काढतो ती बॅटरीच, कारण ती एकटीही विकली जाते. आतली छोटी राखीव बॅटरी मग काही काळ तग धरते, तीही ट्रॅकर बहुतेक वेळ झोपून आणि हालचाल जाणवली तरच जागा होऊन.

मे २००० पर्यंत अमेरिकी लष्कर नागरी संकेत मुद्दाम बिघडवत असे, आणि चूक शंभर मीटरच्या घरात जाई. शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे तीन हेक्टरांहून अधिक जागा. क्वार्टरांच्या कित्येक रांगा त्यात बसतील. आता मोकळ्या आकाशाखाली चूक पाचेक मीटरवर आली आहे. भिंतीला भिंत लागलेल्या एकसारख्या क्वार्टरांत तेवढीही पुरेशी नाही. रांग कळते, दार कळत नाही. छताखाली तर ठिपका शेजारच्या अंगणात जाऊन बसतो. त्या ठिपक्यावर विश्वासून कोणी स्वतःच दार ठोठावले, तर निष्पाप शेजारी चोर ठरायला वेळ लागत नाही. ठिपका पोलिसांना दाखवावा, दार त्यांनी ठोठावावे.

लपवण्याने चोरी खरोखर कमी होते काय? याचे सर्वांत चांगले उत्तर जीपीएसचे नाहीच. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून ‘लोजॅक’ हे रेडिओ-यंत्र मोटारींत लपवले जाई आणि गाडीवर त्याची कोणतीही खूण नसे. इयान एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी १९९८ मध्ये दाखवले, की मोठ्या शहरांत अशी तीन यंत्रे बसली की वर्षाला साधारण एक मोटारचोरी टळते. कोणत्या गाडीत यंत्र आहे हे चोराला कळत नसल्याने ज्यांनी ते बसवले नाही त्यांच्याही गाड्या वाचल्या. याउलट पुण्यात २०१७ च्या अखेरीस विद्यापीठ परिसर व औंधपासून भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. त्यांची तंत्रकुलुपे सर्वांना दिसत होती. तरी मोडतोड आणि चोरीच्या तक्रारी थांबल्या नाहीत, आणि योजना एक-दोन वर्षांत ओसरली. जे दिसते ते फोडता येते.

मात्र जे दिसत नाही ते माणसावरही नजर ठेवू शकते. भाड्याच्या इलेक्ट्रिक दुचाकीवर जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या मुलाच्या बाबतीत वाहनाचे स्थान आणि त्याचे स्वतःचे स्थान यांत फरक उरत नाही. ॲपलच्या एअरटॅगचा पाठलागासाठी दुरुपयोग होऊ नये म्हणून अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना फोनवर येते. ती सूचना चोरालाही मिळते. दोन्ही एकदम साधणारा उपाय अद्याप कोणी काढलेला नाही, आणि त्यांतले काय सोडायचे असे विचारले तर चोरीचा धोका पत्करणे बरे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने जामिनावरील आरोपीला नकाशावरील आपले स्थान तपासयंत्रणेला सतत दाखवण्याची अट घालता येणार नाही, असे ठरवले. आरोपीला जे संरक्षण आहे, ते डबे पोहोचवणाऱ्याला असायला हरकत नसावी.

या सगळ्यात भारताचे स्वतःचे नाविक कोठे आहे? २०१९ पासून सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचा ट्रॅकर आवश्यक झाला आणि त्यात नाविकला स्थान मिळाले. नोंदणीच नसलेली इलेक्ट्रिक सायकल त्या चौकटीबाहेर राहिली. स्वस्त ट्रॅकरमधील चिप ऐकतात तो एल-१ पट्टा नाविकच्या पहिल्या उपग्रहांवर नव्हताच. शिवाय त्या उपग्रहांवरील परदेशी रुबिडियम घड्याळे एकामागून एक बंद पडली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ वर एल-१ संकेत आणि देशी अणुघड्याळ दोन्ही आले. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणातून एनव्हीएस-०२ वर गेला. पण ऑक्सिडायझर आत सोडणारी झडप उघडली नाही, आणि उपग्रह आपल्या नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.